गाणी पाठ आहेत, सिनेमा कुठे आहे?

नागपुरात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम लागला की त्यात तीन गाणी हमखास असतात. सभागृह कोणतंही असो, वसंतराव देशपांडे, लक्ष्मीनगरातलं सायंटिफिक की रेशीमबागेतलं सुरेश भट. ‘मी रात टाकली’ सुरू झालं की मागच्या रांगेपर्यंत माणसं सावरून बसतात, ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ला वन्स मोअर येतो, आणि ‘नभ उतरू आलं’ला अर्धं सभागृह गुणगुणत असतं. निवेदक गीतकार म्हणून ना. धों. महानोर आणि संगीतकार म्हणून हृदयनाथ मंगेशकर यांची नावं घेतो, लताबाई-आशाबाईंबद्दल कौतुकाचे दोन शब्द बोलतो. ‘जैत रे जैत’ हे नाव एकदा उच्चारलं जातं आणि पुढचं गाणं लागतं. ही गाणी कोण म्हणतं, कुणासाठी म्हणतं, त्याआधी काय घडलेलं असतं आणि पुढे काय घडणार असतं, हे त्या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी सिनेमा पाहिलेला नव्हता. काही जण तर ही गाणी सुटी भावगीतं समजत होते.

मराठी कादंबरीवरून झालेल्या सिनेमांत ‘जैत रे जैत’ (१९७७) अगदी वरच्या ओळीत बसायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तो तिथे बसवला जात नाही. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा विषय निघाला की ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ यांवर तासभर बोलणं होतं. मूळ कादंबरीचे लेखक गो. नी. दांडेकर यांचा निघाला की दुर्गभ्रमण, ‘स्मरणगाथा’, ‘पडघवली’. या दोन मोठ्या माणसांचं काम जिथे एकत्र आलं, तो सिनेमा मात्र ‘त्याची गाणी काय सुंदर आहेत’ या एका वाक्यात संपतो. त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता, तेव्हा त्याची उपेक्षा झाली असं कुणी म्हणणार नाही. उपेक्षा नंतरची आहे. आपण त्याच्यातून गाणी काढून घेतली आणि बाकीचा सिनेमा माळ्यावर टाकला.

आता कथा. कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकरवाडी, म्हणजे ठाकर आदिवासींची वस्ती. वर लिंगोबाचा डोंगर, त्याच्या कड्याला लटकलेली मधमाश्यांची आग्या मोहोळं. नाग्या हा भगताचा पोर, वाडीचा ढोल वाजवणारा. त्याला पुण्यवंत व्हायचं आहे, कारण डोंगरावरची राणीमाशी पुण्यवंतालाच दर्शन देते असं त्याच्या मनात लहानपणापासून बसलं आहे. तो नेम पाळतो, पापाच्या वाटेला जात नाही. आणि त्याच डोंगरावरची माशी त्याला डंख मारते, त्याचा एक डोळा जातो. माझं काय चुकलं, हा त्याचा प्रश्न. उत्तर कुणीच देत नाही. मग श्रद्धेची जागा सूड घेतो. राणीमाशीला हरवायचं, कड्यावरची मोहोळं उठवायची, एवढाच ध्यास उरतो. याच वाटेवर त्याला चिंधी भेटते, नको असलेला संसार सोडून आलेली, हसरी, धीट, हट्टी. नाग्याचा सूड ती आपलासा करते. तो डोंगर जिंकतो आणि चिंधीला गमावतो.

एवढीच गोष्ट. कागदावर उतरवायची तर दोन पानं पुरे. पण तिच्यात माणसाचा फार जुना प्रश्न आहे: नीट वागणाऱ्याच्या वाट्याला दुःख का यावं? हा प्रश्न आपल्याकडे संतांनी विचारला, पुराणांनी विचारला, शोकात्म नाटकांनी विचारला. दांडेकरांनी तो एका ठाकर पोराच्या तोंडी दिला. त्याच्यासाठी त्यांनी नाग्याला शहाणं केलं नाही, शिकवलं नाही, शहरात नेलं नाही. डोंगर, माशी, ढोल आणि एक बाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी तो उभा केला.

दांडेकर हे मूळचे आपल्याकडचे, याचा नागपुरात फारसा उल्लेख होत नाही म्हणून सांगतो. जन्म परतवाड्याचा, १९१६ चा. कोवळ्या वयात स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडलेला हा मुलगा पुढे गाडगेमहाराजांबरोबर राहिला, नर्मदेची परिक्रमा करून आला, सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले. अशा माणसाचं गद्य पायी चाललेल्या माणसाचं असतं. त्याच्या कानाला बोलींची सवय असते. म्हणूनच दांडेकरांच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचल्या की जास्त खुलतात. त्यांच्या कुटुंबीयांनी या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं केले आणि लोकांनी ते मन लावून ऐकले, यात मला काही नवल वाटत नाही. त्या मुळात सांगितलेल्या गोष्टी आहेत. लिहिणारा समोर बसून सांगतो आहे, असं वाचताना वाटत राहतं.

आणि सिनेमा करणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. कादंबरी पडद्यावर येते तेव्हा घटना येतात, पात्रं येतात, संवादही येतात. सांगणाऱ्याचा आवाज मात्र गळून पडतो. मग दिग्दर्शक दोनपैकी एक वाट धरतो. एक तर पडद्यामागून कुणी तरी भारदस्त आवाजात निवेदन करतं, किंवा पात्रं एकमेकांना अशा गोष्टी सांगत बसतात ज्या त्यांना आधीच माहीत असायला हव्यात. आपल्या कितीतरी साहित्यकृतींचे सिनेमे या दोन खड्ड्यांत पडले. ‘जैत रे जैत’ पडला नाही, कारण त्याच्या कर्त्यांनी सांगणाऱ्याचा आवाज गाण्यांना दिला.

हे कुठून आलं ते पाहण्यासारखं आहे. जब्बार पटेलांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक उभं केलं. त्यात माणसांची भिंत गाते, नाचते, गोष्ट पुढे नेते, वेळ आली की फाटते आणि आतून पुणं दिसतं. मोहन आगाशे त्यातले नाना फडणवीस. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे ही त्याच परिवारातली गाणारी मंडळी, आणि ‘जैत रे जैत’च्या समूहगानांत त्यांचेच आवाज आहेत. सिनेमाच्या पटकथेला हात लागला सतीश आळेकरांचा, ज्यांनी ‘महानिर्वाण’मध्ये मृत्यूची गोष्ट कीर्तनातून सांगितली होती. म्हणजे गाण्यातून गोष्ट सांगण्याची विद्या या मंडळींनी रंगभूमीवर आधीच कमावली होती. कीर्तन, तमाशा, दशावतार, भारूड यांतून ती त्यांच्यापर्यंत आली होती. कॅमेरा हातात आल्यावर ती त्यांनी टाकून दिली नाही.

म्हणून या सिनेमात डझनभराहून जास्त गाणी आहेत आणि ती कथेला थांबवत नाहीत. ‘डोंगर काठाडी ठाकरवाडी’ कादंबरीतल्या वर्णनाच्या पानांचं काम करतं, आपल्याला वाडीत आणून सोडतं. ‘आम्ही ठाकर ठाकर’मध्ये एक समाज स्वतःची ओळख स्वतःच्या तोंडाने करून देतो. ‘लिंगोबाचा डोंगर’ त्या डोंगराला पात्र करून टाकतं. त्यानंतर तो मागच्या देखाव्यात राहत नाही. लेखकाला जे ‘त्याला असं वाटलं’ म्हणून लिहावं लागतं, ते इथे समूह गातो. नाग्या स्वतः कमी बोलतो. त्याच्या वतीने बोलायला वाडी आहे, ढोल आहे.

आता सभागृहातल्या त्या तीन गाण्यांपैकी दोन पुन्हा पाहा. ‘मी रात टाकली’ हे नको असलेल्या नवऱ्याचं घर मागे टाकून आलेल्या बाईचं गाणं आहे. चिंधी मोकळी झाली आहे आणि तो मोकळेपणा तिच्या अंगात मावत नाही. हे एकदा कळलं की त्यातला प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो. लग्नाच्या संगीतात, वाढदिवसाच्या पार्टीत आपण ते हौसेने लावतो. काडीमोड घेतलेल्या बाईच्या आनंदाचं गाणं आपण आनंदाचं गाणं म्हणून लावतो, याचं मला बरंच वाटतं. पण लावणाऱ्याला ते ठाऊक असतं का? ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’मध्ये विचारलेला ढोल नाग्याचा आहे. तो ढोल भगताच्या पोराचा, देवाच्या कामाचा, पुण्याच्या वाटेवरचा. चिंधीला तो ऐकू येतो तेव्हा देवाचा ढोल आणि बाईची ओढ एकमेकांत मिसळतात, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाची सुरुवात तिथे होते. गाणं गोड आहेच. सिनेमात ते गोड आणि धोक्याचं असं दोन्ही आहे.

महानोरांच्या शब्दांबद्दल एक आक्षेप अधूनमधून कानावर येतो. महानोर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या डोंगराकडचे शेतकरी. ठाकर कोकणाच्या बाजूचे. मग या गाण्यांची भाषा ठाकरांची कशी? ती नाहीच. ती महानोरांची आहे, ‘रानातल्या कविता’ लिहिणाऱ्या कवीची. अस्सल बोलीच्या हिशेबाने हे चुकलं असं म्हणता येईल. पण बोलीची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा रानात राहणाऱ्या माणसाचा श्वास ज्या भाषेत आहे ती भाषा निवडणं हे मला मोठं काम वाटतं. त्या काळच्या शहरी गीतकाराने हीच गाणी लिहिली असती तर काय झालं असतं, ते आपण अनेक सिनेमांतल्या कोळीगीतांत आणि ‘आदिवासी नृत्यां’त पाहिलेलं आहेच.

विदर्भातल्या प्रेक्षकाला हा सिनेमा इतरांपेक्षा जास्त कळायला हवा, असं मला वाटतं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत झाडीपट्टीची रंगभूमी जिवंत आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत गावोगावी मंडप पडतात, रात्रभर नाटक चालतं आणि त्यात गाणी असतात. तिथल्या प्रेक्षकाला गाणं हा नाटकातला अडथळा वाटत नाही. दंडार, खडीगंमत या तिथल्या लोकनाट्यांत गोष्ट गाण्यातूनच पुढे सरकते. नाटकात गाणं आलं की चहाला उठायचं, ही सवय शहरातली. सिनेमागृहात गाणं लागलं की मोबाइल उघडायचा, हीही शहरातलीच. ‘जैत रे जैत’ला गाण्यांचा सिनेमा म्हणून हिणवणारी नजर या सवयीतून येते. झाडीपट्टीतला एखादा म्हातारा प्रेक्षक हा सिनेमा पाहील तर त्याला त्याचा घाट समजावून सांगावा लागणार नाही.

अभिनयाबद्दल थोडक्यात. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बाविशीच्या होत्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘भूमिका’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला आणि चिंधी साहजिकच तिच्या सावलीत गेली. ‘भूमिका’तली उषा फार मोठी आहे, वाद नाही. पण चिंधीत एक गोष्ट आहे जी स्मिताबाईंना पुढे पडद्यावर फार कमी मिळाली, ती म्हणजे निखळ आनंद. त्यांच्या पुढच्या भूमिका आठवा: सोसणाऱ्या, झगडणाऱ्या, थकलेल्या, एकट्या. चिंधी झाडावर चढल्यासारखी आयुष्यावर चढते. मोहन आगाशेंचा नाग्या तिच्यासमोर जड, आत वळलेला, एकाच विचाराला धरून बसलेला. निळू फुले आणि सुलभा देशपांडे यांच्यासारखी माणसं सोबतीला असल्यामुळे वाडी ही वाडी वाटते.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो मी टाळणार नाही. पुण्या-मुंबईच्या नटांनी ठाकर व्हायचं, शहरी दिग्दर्शकाने त्यांच्या श्रद्धांवर सिनेमा करायचा, शहरी प्रेक्षकाने त्याला दाद द्यायची; यात ठाकर कुठे आहेत? हा प्रश्न आज विचारायलाच हवा. आज असा सिनेमा काढायचा ठरला तर लेखनापासून अभिनयापर्यंत त्या समाजातली माणसं असावीत, हा आग्रह मी स्वतः धरेन. शिवाय आणखी एक उणीव मला दिसते. जंगलखातं, सावकार, हातातून निसटणारी जमीन, ही त्या काळातल्या आदिवासी जगण्याची रोजची वास्तवं होती, ती या कथेच्या केंद्रात नाहीत. दांडेकरांना माणूस आणि देव यांच्यातलं भांडण सांगायचं होतं. सरकार आणि माणूस यांच्यातलं त्यांनी बाजूला ठेवलं. ज्याला ते हवं असेल त्याचा अपेक्षाभंग होणार.

तरीही हा सिनेमा मला त्याच काळातल्या एका फार गाजलेल्या सिनेमाच्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो. गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८० चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला लहान्या भिकू आदिवासी आहे, त्याच्यावर झालेला अन्याय भयंकर आहे, आणि तो जवळजवळ पूर्ण सिनेमाभर गप्प आहे. त्याच्या वतीने वकील विचार करतो, वकील अस्वस्थ होतो, वकील बदलतो. ते मौन हेच त्या सिनेमाचं बळ आहे, मान्य. पण त्यानंतर आपल्याकडे आदिवासी म्हणजे गप्प बसलेला, पिचलेला माणूस, ज्याचं दुःख पाहून शहरी माणसाला जाग येते, हा एक साचा होऊन बसला. नाग्या या साच्यात बसत नाही. तो चुकतो, हट्ट करतो, प्रेम करतो, देवाला जाब विचारतो. त्याला वाचवायला बाहेरून कुणी येत नाही आणि त्याच्या शोकांतिकेचा धडा शिकायला समोर कुणी शहरी पात्र बसलेलं नाही. शोकांतिकेचा नायक होण्याचा मान आपण राजांना, सरदारांना, वाड्यातल्या कर्त्या पुरुषांना देत आलो. तो मान एका ठाकर ढोलियाला देणं ही १९७७ साली लहान गोष्ट नव्हती. आजही नाही.

हे नागपुरात बसून लिहिताना मला अधिक टोचतं. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलं. शहराभोवतीच्या जिल्ह्यांत गोंड, माडिया, कोलाम, कोरकू लाखोंनी राहतात. आणि शहरात आदिवासी संस्कृती म्हणून आपल्यापुढे काय येतं? महोत्सवात दहा मिनिटांचं नृत्य. मोरपिसं, ढोल, एका तालातली पावलं, टाळ्या, पुढचा कार्यक्रम. त्या नाचाआधी काय पेरलं गेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या पेनाची, म्हणजे गोंडांच्या देवाची, पूजा झाली, यातलं काहीच आपल्यापर्यंत येत नाही. ‘जैत रे जैत’ची गाणी आपण जशी ऐकतो तसंच हे आहे. माणसांच्या जगण्यातून आपल्याला आवडणारा तुकडा कापून घ्यायचा आणि बाकीच्याकडे पाठ करायची. एका सिनेमाच्या विस्मरणाला मी सार्वजनिक प्रश्न म्हणतो तो यामुळे.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मधमाश्यांबद्दल बोलल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. आग्या मोहोळ म्हणजे कड्यावर, उंच झाडांवर उघड्यावर लटकणारं मोठं पोळं. त्याचा मध काढायची जुनी रीत धूर आणि आगीची, त्यात पोळं जातं आणि माश्याही जातात. आपल्या शेजारी वर्ध्यात पोळं न जाळता, अंडी-पिलांचा भाग तसाच ठेवून मधाचा भाग तेवढा कापून घेण्याची पद्धत शिकवली गेली, जंगलात मध गोळा करणाऱ्यांना तिचं प्रशिक्षण दिलं गेलं. हे काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नाग्याची गोष्ट निराळी दिसेल. कादंबरी लिहिली गेली तेव्हा पर्यावरण हा शब्द रोजच्या बोलण्यात नव्हता. पण डोंगराशी वैर धरणारा माणूस जिंकून काय कमावतो, हे दांडेकरांना बरोबर दिसलं होतं. आज परागीभवनावर, माश्यांच्या घटत्या संख्येवर शाळेत प्रकल्प होतात. त्या वर्गात हा सिनेमा दाखवायचं कुणाच्या मनात का येत नसावं?

दाखवायचा म्हटलं तर चांगली प्रत हवी, आणि तिथे आपलं घोडं अडतं. श्याम बेनेगलांचा १९७६ चा ‘मंथन’ दुरुस्त होऊन २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्यानंतर देशभरातल्या चित्रपटगृहांत तो पुन्हा लागला, लोकांनी तिकीट काढून पाहिला. त्याच सुमारास तयार झालेल्या मराठी सिनेमांसाठी असा प्रयत्न का होऊ नये? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार झाले, व्याख्यानं झाली, दिंड्या निघाल्या. अभिजात म्हणजे फक्त ताम्रपट आणि लीळाचरित्र असं कुणी धरून चाललं असेल तर ती फार कोती समजूत आहे. गेल्या शतकात मराठीने जे मोठं काम केलं त्यातलं पुष्कळसं सिनेमाच्या रिळांवर आहे, आणि रीळ ताम्रपटाइतकं टिकत नाही. रंग उडतात, आवाज खरवडतो, फिल्म आक्रसते. पोथीला वाळवी लागली तर आपण हळहळतो, रिळाबद्दल ती हळहळ अजून आपल्याला शिकायची आहे.

रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याची घोषणा झाली आहे. विदर्भातल्या मुलांना त्यातून काम मिळेल, या अपेक्षेत मीही आहे. पण नुसत्या चित्रीकरणाच्या जागेने सिनेमा येत नाही. आपल्या भाषेत आधी काय झालं आहे हे पाहिलेली, त्यावर भांडलेली पिढी लागते. नागपूरच्या किती महाविद्यालयांत मराठीचे विद्यार्थी कादंबरी वाचल्यावर तिच्यावरचा सिनेमा एकत्र बसून पाहतात? साहित्याचं माध्यमांतर हा विषय अभ्यासक्रमात असतो, त्याच्या नोट्स निघतात, दहा गुणांचा प्रश्न येतो. सिनेमा न पाहता त्या प्रश्नाचं उत्तर लिहून मुलं पास होतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत सिनेमा पोहोचवायची व्यवस्थाच आपण केलेली नाही.

माझ्या मागण्या फार खर्चाच्या नाहीत. राज्य सरकारच्या सांस्कृतिक खात्याने साहित्यावर आधारलेल्या जुन्या मराठी सिनेमांच्या दुरुस्तीचं काम हाती घ्यावं आणि त्यात ‘जैत रे जैत’ अगदी सुरुवातीला असावा. सिनेमा खासगी निर्मितीचा आहे, तेव्हा हक्कदारांशी रीतसर बोलणी करावी लागतील, मोबदला द्यावा लागेल, तो द्यावा. दुरुस्त प्रत विद्यापीठांना, सार्वजनिक ग्रंथालयांना, जिल्ह्याच्या ठिकाणच्या सभागृहांना खेळ करण्यासाठी मोकळी असावी. कादंबरी ग्रंथालयात मिळते, मग तिचा सिनेमा तिथे का मिळू नये? आणि गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या नागपूरच्या संस्थांना माझी विनंती आहे की वर्षातून एकदा ऑर्केस्ट्राऐवजी पडदा लावा. गाणी तीच असतील, फक्त त्यांच्या मागचा डोंगर दिसेल. प्रेक्षक येणार नाहीत ही भीती मला पटत नाही. जो प्रेक्षक पाच मिनिटांच्या गाण्यासाठी पाचशे रुपयांचं तिकीट काढतो, त्याला अख्खा सिनेमा नको असेल असं आधीच का ठरवायचं?

खेळ झाल्यावर चर्चा ठेवली तर मंचावर समीक्षक कमी आणि आश्रमशाळेतले शिक्षक, आदिवासी विद्यार्थी, मध गोळा करणारी माणसं जास्त असावीत. ते कदाचित म्हणतील की हे आमचं जगणं नाही, हे तुम्ही रंगवलेलं आहे. म्हणू देत. १९७७ पासून आजवर या सिनेमाबद्दल ज्यांचं मत आपण विचारलंच नाही, त्यांच्याकडून तो नव्याने मोजला जाईल, आणि माझ्यासारख्याने वर लिहिलेल्या काही गोष्टी त्यात टिकणारही नाहीत. गोंडी किंवा माडिया बोलणारी एखादी मुलगी नाग्याच्या देवाशी झालेल्या भांडणात काय पाहते, चिंधीच्या काडीमोडीला तिच्या घरी काय म्हणतील, हे ऐकण्यात मला कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त रस आहे.

म्हणून दुरुस्त प्रतीचा पहिला खेळ मुंबईत करू नये. तो गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला करावा, झाडीपट्टीचा हंगाम संपल्यावर, होळीनंतरच्या आठवड्यात, नाटकाच्याच मंडपात आणि नाटकाच्याच तिकीटदरात. दुसरा मेळघाटातल्या धारणीला. नागपूरला तिसरा खेळ मिळाला तरी चालेल.